सलोनमध्ये 'लेझर'ने केस काढल्यावर जबड्यावर चौकोनी काळे पट्टे आलेत, जातात का? (पुणे)

शनिवारपेठ_ते_हिंजवडी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे, घरात प्रत्येकाचं काही ना काही चाललंय, म्हटलं आपणही हनुवटीचे केस आणि गालावरची लव एकदाची संपवून टाकू, दर थोड्या दिवसांनी थ्रेडिंगला जाऊन तोंड लाल करून घ्यायचा जाम कंटाळा आलाय. घराजवळच्या एका सलोनमध्ये 'लेझर' म्हणून पॅकेज घेतलं, पैसे सगळे आधीच भरलेत (तिथेच ऑफर होती ना). आधीच्या सिटिंगला काही झालं नव्हतं, थोडं लाल झालं आणि संध्याकाळपर्यंत गेलं. या वेळी मात्र मशीन टेकवलं की चटका. मी म्हटलं अगं भाजतंय, तर म्हणाली मॅम पॉवर वाढवलीय म्हणूनच रिझल्ट येतो, थोडं सहन करा. रात्री गाल नुसता पेटल्यासारखा होता, सकाळी लाल पट्टे, आणि आता ते तपकिरी काळे झालेत. अक्षरशः आयताकृती आहेत हो, कडा पट्टीने आखल्यासारख्या, मधे मधे नॉर्मल स्किनची फट. एका ठिकाणी फोड आला होता, त्यावर आता खपली धरलीय.

सलोनवाली म्हणते हीट बाहेर पडतेय, पुढच्या सिटिंगला पट्टे निघून जातील. आई म्हणते हळद लाव. मी रोज टू-व्हीलरवर हिंजवडी, तोंडाला स्कार्फ असतोच. प्रश्न एवढेच की हे नॉर्मल आहे का, जातं का, डिसेंबरच्या आत जाईल का, आणि पुढचं सिटिंग घेऊ की नको?

वाकडची_वाट

पुढचं सिटिंग अजिबात घेऊ नकोस!! भाजलेल्या जागेवर परत भाजून डाग कसे जातील? खपली ओढू नकोस आणि आज उद्यात स्किनच्या डॉक्टरला दाखव. आणि फोटो काढून ठेव, रोज, खिडकीजवळच्या उजेडात, बाथरूमच्या पिवळ्या लाइटमध्ये नको.

कोथरूडची_काकू

अगं बाळा घाबरू नकोस. दुधाची साय, चिमूटभर हळद आणि चार थेंब लिंबू, वीस मिनिटं ठेवायचं आणि कोमट पाण्याने धुवायचं. आमच्या वेळी कुठे होती ही मशिनं, मसुराच्या पिठाने लव काढायचो.

हँडपीसवाली

मी बरीच वर्षं क्लिनिकमध्ये मशीन चालवायचं काम केलंय (आता सोडलं, मान गेली माझी वाकून वाकून) त्यामुळे मशीनचं तेवढं सांगते. औषधाचं इथे कोणी डॉक्टर असेल तर ते बोलतील.

आयताकृती पट्टे म्हणजे ते लेझर नव्हतंच, आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) होतं, जवळजवळ नक्की. आयपीएलच्या हँडपीसला (हातात धरतात त्या भागाला) पुढे आयताकृती काच असते आणि आत झेनॉनचा फ्लॅशलॅम्प. लेझरला एकच तरंगलांबी असते, अ‍ॅलेक्झांड्राइट ७५५, डायोड साधारण ८१०, एनडी-याग १०६४ नॅनोमीटर. आयपीएल मात्र ५०० पासून १२०० पर्यंतचा सगळा गठ्ठा फेकतं आणि समोर फिल्टर लावून खालचा भाग कापायचा असतो. गोऱ्या स्किनचा फिल्टर आपल्या स्किनवर तसाच ठेवला की केसाच्या मुळाआधी वरची कातडीच सगळा प्रकाश खाते, आणि पट्टा उठतो. काचेच्या मापाचाच उठतो, म्हणून तुझ्या कडा अशा सरळ. मधली फट म्हणजे दोन शॉटमध्ये राहिलेली जागा.

'पॉवर वाढवली की रिझल्ट' हे ऐकून माझं डोकंच सटकलं. हळूहळू वाढवतात हे खरं आहे, पण समोरची बाई भाजतंय म्हणाली की थांबायचं असतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. रबर बँड फटकन लागल्यासारखं वाटणं नॉर्मल. शॉट नंतर केसाच्या मुळाशी बारीक लाल पुटकुळ्या येणं पण नॉर्मल, उलट आम्ही ते बघायचो, त्याचा अर्थ बरोबर लागलंय, आणि त्या काही तासांत नाहीतर फार तर एक दोन दिवसांत बसतात. पण अख्खी पट्टी लाल होणं, करडी पडणं, फोड येणं म्हणजे भाजलं, त्याला हीट बाहेर पडणं वगैरे म्हणत नाहीत.

आता आठवून सांग: जेल किती लावलं होतं? आयपीएलला चांगला जाड थर लागतो, पैसे वाचवायला पातळ फासतात. टिप गार लागत होती का? बऱ्याच मशीनना पुढे सफायरची गार होणारी टिप असते, एसी नीट नसेल आणि एकामागून एक क्लायंट असतील तर ती गरमच होऊन बसते. आणि टिप मधे मधे पुसत होती का? जळके केस काचेवर चिकटतात, काळा ठिपका बनतो, पुढच्या प्रत्येक शॉटला तो ठिपका तापून कातडीला डागणी देतो. टिश्यूने एकदा पुसायला दोन सेकंद लागतात. शेव्ह न करता लांब केसांवर शॉट मारला तरी केस वरच्यावर जळून कातडीला चटका बसतो.

टेस्ट पॅच केला होता का ते पण सांग. कानाखाली एक दोन शॉट मारून थांबायचं असतं, आपल्या स्किनला किमान दोन दिवस, कारण आपल्याकडे डाग उशिरा उमटतो. टेस्ट पॅच करून दहा मिनिटांत पूर्ण चेहरा करणारे पण मी पाहिलेत.

स्किन_ओपीडी

मी स्किनमध्ये एमडी करतेय, अजून शिकतेच आहे, आणि फोटो बघितल्याशिवाय (खरं तर बघूनही) इथे ट्रीटमेंट लिहिणार नाही. पण सगळ्यांना लागू होईल असं सांगते.

काकू, आधी लिंबू बाजूला ठेवा प्लीज. लिंबाच्या रसातल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळी पडते, निरोगी स्किनवरसुद्धा, इथे तर खपली आहे. हळदीने डाग पिवळा दिसेल आणि डॉक्टरला खालचं काही कळणार नाही. टूथपेस्ट, तूप, बर्फ डायरेक्ट घासणं हेही नको.

तू सांगतेयस ते भाजल्यानंतर आलेलं पिगमेंटेशन वाटतंय. सावळ्या गव्हाळ स्किनमध्ये मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त, त्यामुळे जराशी इजा झाली तरी रंग सांडून राहतो. बहुतेक वेळा जातं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत, कधी कधी वर्षही लागतं. डिसेंबरपर्यंत फिकट होऊ शकेल, पूर्ण जाईल असं वचन कोणी देत असेल तर तिथून उठून ये. खपली आपोआप पडू दे, ओढलीस तर व्रण राहू शकतो. पू, वाढती सूज, ताप, डोळ्यापर्यंत लाली, यातलं काही दिसलं तर वाट न बघता लगेच दाखव. पूर्वी ओठांवर तापासारखे बारीक फोड येत असतील तर तेही सांग, अशा ट्रीटमेंटने ते परत उठू शकतात.

काही जणांना काळ्याऐवजी पांढरट पट्टे येतात. ते कोड नव्हे, रंग बनवणाऱ्या पेशी दुखावलेल्या असतात, बऱ्याच जणांचा हळूहळू भरतो, काहींचा राहतो. ते दिसले की घरात रडारड सुरू होते म्हणून आधीच सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं, मेडिकलमधून ती 'डाग जाणारी' ट्यूब स्वतःच्या मनाने आणू नकोस. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिन्हींचं मिश्रण असतं त्यात. डॉक्टर देतात ते ठरावीक दिवस, ठरावीक जागी. आमच्याकडे रोज मुली येतात, वर्षानुवर्षं तीच ट्यूब नाइट क्रीम म्हणून लावलेली, गाल लालबुंद, कातडी पातळ, पिंपल्स, आणि वर हनुवटीला केस वाढलेले. मग ते केस काढायला परत लेझर, आणि पातळ झालेली कातडी लगेच भाजते. हे चक्र मी इतक्यांदा बघितलंय ना.

सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वर, चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून, बाहेर असलीस तर दर दोन तीन तासांनी. शक्यतो टिंटेड घे. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि आपल्या स्किनला त्या प्रकाशानेही काळपटपणा येतो. साधी पांढरी सनस्क्रीन तिथे कमी पडते. खपली असेपर्यंत त्या जागेवर काय लावायचं ते मात्र डॉक्टरला विचार. स्कार्फचं म्हणशील तर आपला तो पातळ कॉटनचा स्कार्फ ऊन पूर्ण अडवत नाही, आणि हेल्मेटखाली घट्ट बांधला की खपलीवर घासतो.

दोन प्रश्न: सिटिंगच्या आधी उन्हात कुठे गेली होतीस का? आणि काही गोळ्या चालू आहेत का?

कोथरूडची_काकू

बरं बाई, लिंबू नको. नुसती साय चालेल?

स्किन_ओपीडी

काकू, साय विरजण लावा, तूप कढवा 😄

शनिवारपेठ_ते_हिंजवडी

बाप रे, एवढं सगळं. थँक्यू सगळ्यांना. हो, दसऱ्यानंतरच्या वीकेंडला हरिहरेश्वरला गेलो होतो ग्रुपने, बऱ्यापैकी रापले होते, चष्म्याचा पांढरा पट्टा पण दिसत होता. आणि पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे. मला कोणीच काही विचारलं नाही. कार्ड भरून घेतलं होतं, त्यात नाव, नंबर, वाढदिवस आणि अ‍ॅनिव्हर्सरी. लग्न झालेलं नाही म्हटलं तर म्हणे रिकामं ठेवा. टेस्ट पॅच नाही. टिप पुसताना मी तरी पाहिलं नाही, डोळ्यांवर गॉगल होता, पण जळक्या केसांचा वास येत होता हे नक्की. जेल अगदी पातळ होतं.

अजून एक, हनुवटीखाली गळ्याकडे जिथे आधी नुसती लव होती तिथे आता जाडसर केस दिसतायत. का मला उगाच वाटतंय?

स्किन_ओपीडी

उगाच नाही. याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात, म्हणजे केस घालवायला गेलो आणि वाढले. नक्की का होतं यावर एकमत नाही, एक अंदाज असा की केसाचं मूळ मरण्याइतकी उष्णता पोचत नाही, फक्त त्याला जाग येते. जबडा आणि गळा याच जागा जास्त, सावळ्या स्किनमध्ये आणि हॉर्मोनचा घोळ असलेल्यांमध्ये जास्त. पाळी वेळेवर येते का? नसेल तर पीसीओडीसाठी तपासून घे, सोनोग्राफी आणि रक्ताच्या टेस्ट. तो आतला प्रश्न तसाच राहिला तर कितीही भारी मशीन असलं तरी हनुवटीला नवे केस येत राहणार. आणि नुसत्या बारीक लवेवर शॉट मारूच नये, तिथे प्रकाशाने पकडायला काळा रंगच नसतो.

डॉक्सीचं सांगायचं तर ती मुख्यतः उन्हातल्या यूव्हीए किरणांना रिअ‍ॅक्ट करते, मशीनच्या प्रकाशाला तितकी नाही. पण डॉक्सी घेऊन समुद्रावर फिरलीस म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच रापली असशील, आणि रापलेल्या स्किनवर आधीपेक्षा जास्त पॉवर. रापलेलं पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे निदान चार आठवडे, थांबायला हवं होतं आणि हे विचारणं त्यांचं काम होतं. गोळी परस्पर बंद करू नकोस, ज्यांनी दिलीय त्यांना सांग.

ऑप्टिक्स_आणि_मिसळ

(इंजिनियर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे चेहऱ्याबद्दल गप्प.) यामागची फिजिक्स फार सुंदर आहे म्हणून राहवत नाही. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी ही कल्पना मांडली, की योग्य तरंगलांबी आणि योग्य लांबीची पल्स (प्रकाशाचा झटका) दिली तर आजूबाजूला न भाजता फक्त हव्या त्या रंगाचा कण तापवता येतो. केसाच्या मुळातलं मेलॅनिन हे टार्गेट. गोची अशी की तेच मेलॅनिन वरच्या कातडीतही आहे आणि प्रकाशाला दोन्ही सारखेच. सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्याला निरोप द्यायला खालून ओरडलं की तळमजल्यावरचेच आधी बाहेर येतात, तसं. तरंगलांबी जितकी लांब तितकं मेलॅनिन कमी शोषतं आणि प्रकाश खोल जातो, म्हणून काळ्या सावळ्या स्किनला १०६४ सगळ्यात सेफ धरतात. पल्स लांब ठेवली की वरच्या कातडीला थंड व्हायला वेळ मिळतो.

स्किनचे एक ते सहा टाइप असतात ती मोजपट्टी फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये काढली, उन्हात किती भाजता आणि किती रापता यावरून. आपण बरेचसे चार पाचमध्ये. घरगुती आयपीएल मशीन ऑनलाइन मागवणाऱ्यांनी खोक्यावरचा स्किन टोनचा तक्ता बघा, सगळ्यात गडद चौकटीवर फुली असते ती उगाच नसते.

एफसीरोड_फॅन

एवढंही घाबरवू नका राव लोकांना. मी डायोड केलंय हातापायाला, स्किनच्या डॉक्टरकडेच, माझा रंग या ताईंपेक्षा गडद आहे, एक डाग नाही आणि केस सत्तर ऐंशी टक्के तरी गेले असतील. वॅक्सिंगमध्ये आयुष्य चाललं होतं माझं. मशीन वाईट नाही, कोण चालवतंय ते बघा.

हँडपीसवाली

१०० टक्के मान्य. फक्त 'कायमचे जातात' असं कोणी सांगितलं तर कान टवकारा. अमेरिकेची एफडीएसुद्धा कायमची घट एवढंच म्हणू देते, केस पूर्ण गेले असं म्हणू देत नाही. आणि मधल्या काळात वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंग बंद, फक्त शेव्ह, कारण मूळच उपटलं तर प्रकाश काय पकडणार. कितीतरी जणी सिटिंगच्या आदल्या दिवशी थ्रेडिंग करून छान गुळगुळीत होऊन यायच्या. परत पाठवलं की आमच्यावरच चिडायच्या.

भुवयांच्या खालचे केस मात्र कोणी कितीही म्हणालं तरी यानं करू नका. पापणी पातळ असते, प्रकाश आत जाऊन बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला इजा होते, तशा केसेस नोंदलेल्या आहेत. डोळे मिटून घ्या, काही होत नाही, असं सांगणाऱ्यांपासून तर लांबच.

नऱ्हे_नाका

जरा विषयांतर. आईला वांग आहे दोन्ही गालांवर, वय पन्नाशीचं. तिच्या ओळखीची एक म्हणते फोटोफेशियल कर, दोन सिटिंगमध्ये साफ. करावं का?

स्किन_ओपीडी

घाईने नाही. फोटोफेशियल म्हणजे चेहऱ्यावर आयपीएलच, आणि वांग उष्णतेने भडकतं. फोटोफेशियलनंतर पहिले काही आठवडे चेहरा उजळलेला दिसतो, सगळे कौतुक करतात, आणि मग आधीपेक्षा गडद होऊन परत येतं. क्यू-स्विच लेझरने टोनिंग करतात त्यातही सिटिंग वर सिटिंग झाली तर काळ्यावर बारीक पांढरे ठिपके उठतात, ते सुधारणं आणखी अवघड. आधी टिंटेड सनस्क्रीन आणि डॉक्टरने दिलेली क्रीम, मशीन आलंच तर सगळ्यात शेवटी. आणि आई चुलीपुढे किंवा गॅसपुढे तासन्‌तास असते का, तेही डॉक्टरना सांग.

पावती_जपून_ठेवा

पैशाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून. ताई, राहिलेली सिटिंग रद्द आणि पैसे परत, असं लेखी माग, व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवर, फोनवर गोड बोलून संपवू नकोस. त्यातच विचार की मशीनचं नाव मॉडेल काय, त्या दिवशी सेटिंग काय होतं, चालवणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण काय, तिथे डॉक्टर होते का आणि त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय. बहुतेक वेळा एवढ्यावरच पैसे परत येतात, खरं सांगतो. पावतीवर 'नॉन रिफंडेबल' छापलं म्हणून विषय तिथे संपत नाही. नाहीच ऐकलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तू राहतेस तिथल्या आयोगात दाद मागता येते, मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. मात्र डॉक्टरचा कागद हवा, ज्यात 'भाजल्याने' असं लिहिलेलं असेल. फोटोंवर तारीख येईल असं बघ.

शनिवारपेठ_ते_हिंजवडी

मेसेज टाकला त्यांना, तुम्ही लिहिलेले सगळे प्रश्न जसेच्या तसे. आधी 'मॅम आपण बोलू ना' असा फोन आला, मी लेखी द्या म्हटलं तर आता पैसे परत करतो म्हणतायत पण मशीनचं नाव अजून सांगत नाहीयेत. स्किनवालीची अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळाली. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन पण घेतलं होतं गेल्या वर्षी, ते सांगायला हवं का?

स्किन_ओपीडी

सांग. पूर्वी ते बंद केल्यावर सहा महिने थांबा म्हणायचे, २०१७ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी केस काढायच्या लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा पुरावा नाही असं मत दिलं. पण तुझ्या डॉक्टरला सगळी यादी हवी. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं आठवत बसू नकोस, आणि चेहऱ्यावर मेकअप न लावता जा.

वाकडची_वाट

आणि ज्यांना बाहेरची फी परवडत नाही त्यांच्यासाठी, ससून हॉस्पिटलला स्किनची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग लांब असते.

कोथरूडची_काकू

माझ्या हनुवटीला दोन पांढरे केस आहेत, तारेसारखे. ते जातील का गं या मशीनने?

हँडपीसवाली

नाही काकू, पांढऱ्या केसात रंग नसतो, कुठल्याच लेझरला ते दिसत नाहीत. कोणी पैसे घेऊन करतो म्हणाला तर देऊ नका. एकेका केसाच्या मुळात सुई घालून करंट देतात, इलेक्ट्रोलिसिस, त्याने जातात. पण तुमचे दोनच आहेत ना, चिमटा घ्या.